लोखंड, जर्मन आणि कोळसा : सायकलीच्या फ्रेमचा इतिहास आणि भोकरचा एक प्रश्न

मराठवाड्यात ॲल्युमिनिअमला अजूनही 'जर्मन' म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा, जर्मनची परात. बोलणाऱ्याला या शब्दात देश दिसत नाही, धातू दिसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाला 'जर्मन सिल्व्हर' म्हणत. ते नाव पुढे या हलक्या पांढऱ्या धातूकडे सरकत आले असावे, असा माझा तर्क आहे. स्वयंपाकघरात या धातूची पत तांब्या-पितळेच्या खालची. मुलीच्या लग्नात पितळेची घागर मांडतात, जर्मनची मांडत नाहीत. जर्मनचे भांडे रोजच्या राबणुकीचे. पोचे पडले तर कोणी हळहळत नाही.

सायकलीच्या दुकानात मात्र हा क्रम उलटा आहे. तिथे सर्वांत खाली लोखंड, त्याच्या वर जर्मन आणि सगळ्यांच्या वर कार्बन, म्हणजे शेवटी कोळसाच. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नांदेड-लातूरसारख्या शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही पहाटे हेल्मेट घालून, वाकड्या हँडलच्या सायकलींवर रपेट मारणारी माणसे दिसू लागली. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, मेडिकल दुकानदार आहेत, पोलीस आहेत. पहिली साधी गिअरची सायकल वर्ष-दोन वर्षे चालवून झाली की प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहतो. रोडबाइक घ्यायची तर ॲल्युमिनिअमची घ्यावी की कार्बनची?

मी जुन्या सायकलींच्या पावत्या, कराचे बिल्ले आणि दुकानांच्या माहितीपुस्तिका जमवतो, हे भोकरमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामुळे इथल्या एका तरुण शिक्षकाने हा प्रश्न मला विचारला. "काका, दुकानदार कार्बनच घ्या म्हणतोय. तुम्ही एवढा इतिहास धुंडाळता, तर तुम्हीच सांगा." मी विकणारा नाही आणि शर्यतीत धावणाराही नाही. पण हा प्रश्न मला इतिहासाचाच वाटला. सायकलीची फ्रेम कशाची असावी, या प्रश्नाला सव्वाशे वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. प्रत्येक उत्तराबरोबर वजन बदलले, किंमत बदलली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सायकल मोडली तर ती कोण दुरुस्त करणार, हे बदलले. या तिसऱ्या बदलाकडे कोणी फारसे पाहत नाही. हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

लोखंडाचे शतक

सायकलीचा पूर्वज लाकडाचा होता. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने दोन चाकांचे, पायाने जमीन रेटत पळवायचे यंत्र बनवले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये त्याला पायडल लागले आणि सांगाडा लोखंडी झाला. मग पुढचे चाक माणसाएवढे उंच असलेली सायकल आली. तिच्यावरून पडणे म्हणजे माडीवरून पडणे. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळीने गती. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेचे टायर बनवले आणि चित्र पूर्ण झाले. पाठोपाठच्या काही वर्षांत फ्रेमने दोन त्रिकोणांचा जो आकार घेतला, तो आजही फारसा बदललेला नाही.

या आकाराला पोकळ आणि मजबूत नळी लागते. जर्मनीतल्या मॅनेसमान बंधूंनी १८८० च्या दशकात पोलादाची बिनजोड नळी काढण्याची रीत शोधली. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने एक साधी पण चतुर गोष्ट केली. नळीवर सर्वांत जास्त ताण येतो तो सांध्याजवळ. म्हणून त्याने नळीची दोन्ही टोके आतून जाड ठेवली आणि मधला भाग पातळ केला. वजन घटले, ताकद राहिली. १९३५ साली त्याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेली '५३१' नावाची नळी आणली. पुढची कित्येक दशके शर्यतीची सायकल म्हणजे ५३१, असे समीकरण होते.

आपल्याकडे आलेली सायकल शर्यतीची नव्हती. ती पोस्टमनची, दूधवाल्याची, मास्तरांची होती. भोकर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. विलायतेहून आलेली सायकल आधी मुंबई किंवा मद्रासच्या बंदरात उतरे, तिथे ब्रिटिश सरकारचा आयातकर लागे आणि संस्थानाच्या हद्दीत शिरताना निजामाची करोडगिरी द्यावी लागे ती वेगळी. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादला जाणारी छोटी रेल्वेलाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली, आणि मराठवाड्याच्या आतल्या भागात असा जड माल येण्याची सोय झाली. सायकल ही तेव्हा सांभाळण्याची चीज होती. घरात तिला भिंतीशी टेकवून वर धोतराचे जुने पान टाकत.

लोखंडाच्या सायकलीने काय केले, याचा एक दाखला मुंबईचा आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून मुंबईला परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास, वाटेत वाळवंटे आणि बर्फाचे डोंगर. त्या काळात जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात सायकलीचे दुकान असेलच असे नव्हते, पण भाता चालवणारा लोहार बहुतेक ठिकाणी होता. माझ्या मते लोखंडी सायकलीची खरी ताकद ही होती. तिला दुरुस्त करणारा माणूस सायकलीच्या आधीच गावात येऊन बसलेला होता.

स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. १९८६ साली हीरो ही जगातली सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. या काळात मराठवाड्याच्या गावागावांत सायकल पोहोचली. इतकी पोहोचली की तिच्यावर कर बसला. ग्रामपंचायतींनी कोणते कर बसवावेत याची यादी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२४ व्या कलमात आहे. तीत घरपट्टी आहे, जत्रेचा कर आहे आणि सायकलीवरचा करही आहे. नगरपालिका कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत, तो हँडलला किंवा चिमट्याला अडकवायचा. ज्याच्याकडे सायकल नाही तो तासावर भाड्याने घेई. पोरे नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन शिकत. गुडघा फुटला तरी चाले, पण दुकानदाराची सायकल वाकायला नको.

वाकली तरी मार्ग होता. त्या फ्रेमच्या नळ्या लोखंडी सांध्यांत बसवून पितळेने जोडलेल्या असत. नळी तुटली तर गॅसवाला वेल्डिंग मारून देई. चिमटा वाकला तर मिस्त्री तो पाय देऊन सरळ करी, चाकाचा आऊट काढी, छर्रे बदली, ग्रीस भरी आणि सायकल पुन्हा रस्त्यावर. इथल्या एका जुन्या मिस्त्रींना मी एकदा विचारले, लोखंडात एवढे काय आहे? ते म्हणाले, "लोखंड मोडायच्या आधी सांगतंय. आधी वाकतंय, मग रंग फुटतोय, मग तडा दिसतोय. माणसाला वेळ देतंय ते."

धातुशास्त्राच्या पुस्तकात हेच दुसऱ्या शब्दांत लिहिलेले आहे. एखादी पट्टी पुन्हापुन्हा थोडी थोडी वाकवली की ती केव्हातरी थकून तुटते. पोलादाच्या बाबतीत ताणाची एक खालची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी पोलाद व्यवहारात थकत नाही. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची सायकल, गंज सांभाळला असेल तर, आजही चालते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या सायकलींकडे पाहिले की हे म्हणणे सहज पटते.

जर्मनचा प्रवास

ॲल्युमिनिअम पृथ्वीच्या पाठीवर भरपूर आहे, पण ते मातीत असे काही मिसळलेले की वेगळे काढणे महाकठीण. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर या धातूचा जेमतेम तीन किलोंचा कळस बसवला, तेव्हा ती मिरवण्याची वस्तू होती. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांना न कळत विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची रीत शोधली आणि भाव कोसळला. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनिअमची भांडी बनवण्याचे काम सुरू केले. आपल्या चुलीवरच्या जर्मनच्या पातेल्याची वंशावळ साधारण अशी आहे. आज महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीकडच्या सड्यांवरून बॉक्साइट निघते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाला लाखो वर्षे पावसाने धुऊन काढले, तेव्हा ते तयार झाले.

सायकलवाल्यांनी या धातूकडे लगेच हात टाकला होता. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुइस येथून 'लु-मि-नम' नावाची ओतीव ॲल्युमिनिअमची सायकल विकली जात होती. ती टिकली नाही. शुद्ध ॲल्युमिनिअम मऊ असते, हे आपल्या घरच्या पोचे पडलेल्या डब्यावरूनही कळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाला असे आढळले की तांब्याचा अंश मिसळून तापवलेले आणि एकदम थंड केलेले ॲल्युमिनिअम काही दिवस नुसते पडून राहिले तरी कडक होत जाते. या शोधातून ड्युरॅल्युमिन आले, त्यातून विमाने आली आणि बऱ्याच उशिराने सायकलीही.

पण एक अडचण होतीच. ॲल्युमिनिअम पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचे असते आणि त्याचा ताठपणाही पोलादाच्या साधारण एक-तृतीयांशच. त्याच मापाच्या नळ्यांची फ्रेम केली तर ती हलकी होते आणि लवलवतेही. १९७० च्या दशकात इटलीतल्या 'ॲलन' कंपनीने नळ्या सांध्यांत पेचाने आणि गोंदाने बसवून सायकली केल्या. त्या हलक्या होत्या, पण जोर लावला की डुलत. याच दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकलेल्या गॅरी क्लाइनने यावर तोड काढली. नळीचा व्यास वाढवायचा. पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळीचे वजन दुप्पट होते, ताठपणा मात्र आठपट. १९८३ पासून कॅननडेल कंपनीने अशा जाड नळ्यांच्या सायकली मोठ्या प्रमाणावर काढल्या. आज आपण दुकानात ॲल्युमिनिअमची जी गुबगुबीत फ्रेम पाहतो, ती याच हिशेबाची देणगी आहे.

ॲल्युमिनिअमला पोलादासारखी थकव्याची खालची मर्यादा नाही. ताण लहान असला तरी तो जमा होत राहतो. म्हणून अभियंते ॲल्युमिनिअमची फ्रेम मुद्दाम गरजेहून ताठ करतात, म्हणजे प्रत्येक वेळी ती कमी वाकेल आणि तिचे आयुष्य वाढेल. नीट बनवलेली फ्रेम हौशी सायकलस्वाराला दहा-पंधरा वर्षे सहज पुरते. ती कायमची नाही, इतकेच.

दुरुस्तीची गोष्ट मात्र लोखंडाहून पार वेगळी. सायकलीत वापरतात त्या ६०६१ जातीच्या मिश्रधातूला वेल्डिंग केले की जोडाच्या आजूबाजूची ताकद निघून जाते. कारखान्यात वेल्डिंगनंतर आख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात, पाण्यात विझवतात आणि मग कमी उष्णतेवर काही तास ठेवून कडक करतात. तालुक्याच्या गॅसवाल्याकडे अशी भट्टी नसते. त्याने जोड मारला तर तो जोड दिसायला छान दिसेल आणि महिनाभरात शेजारून तुटेल. तडा गेलेली ॲल्युमिनिअमची फ्रेम म्हणजे भंगार, असेच धरून चालावे. तालुक्याच्या मिस्त्रीच्या हातून सायकलीचा एक भाग पहिल्यांदा निसटला तो इथे.

कोळशाची वाकळ

तिसरा पदार्थ धातूच नाही. एका कृत्रिम धाग्याला हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवले की बाकीचे सगळे जळून-उडून जाते आणि जवळजवळ निव्वळ कार्बनचा तंतू मागे राहतो. जाडी केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमान संशोधन संस्थेत या तंतूंवर महत्त्वाचे काम झाले. विमानासाठी घडलेला हा माल १९७० च्या दशकाच्या मध्याला सायकलीत आला. 'ग्राफटेक' नावाच्या सायकलीत कार्बनच्या नळ्या होत्या. १९८६ साली ग्रेग लेमाँडने कार्बनच्या नळ्या असलेल्या सायकलीवर टूर द फ्रान्स जिंकली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने लोटसच्या अखंड कार्बन सायकलीवर सुवर्णपदक मिळवले. तरीही लगेच सगळे कार्बनकडे वळले नाहीत. १९९८ ची टूर मार्को पांतानीने जिंकली ती ॲल्युमिनिअमच्या सायकलीवर. त्यानंतर मात्र त्या शर्यतीत कार्बनचेच राज्य आहे. सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की २००० साली आंतरराष्ट्रीय संघटनेने शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोंपेक्षा कमी नको, असा नियमच केला. आपल्या देशात हाच पदार्थ 'तेजस' लढाऊ विमानाच्या अंगावर आहे.

कार्बनची फ्रेम कशी बनते हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायचे तर वाकळीचा दाखला पुरेसा आहे. चिकट राळेत भिजलेल्या कार्बनच्या कापडाचे शेकडो तुकडे कापायचे, साच्यात एकावर एक रचायचे आणि दाबून भाजायचे. धागा लांबीच्या दिशेने भलताच मजबूत, आडवा दुबळा. म्हणून कोणता तुकडा उभा, कोणता तिरपा, कुठे चार थर, कुठे बारा, हे ठरवण्यात सगळे कसब. हे काम प्रामुख्याने तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांत होते आणि रचणी आजही बरीचशी हाताने होते. ज्याला आपण अतिआधुनिक म्हणतो ती फ्रेम लुधियान्याच्या लोखंडी फ्रेमपेक्षा अधिक 'हातकामाची' आहे.

कार्बन योग्य दिशेच्या ताणाने सहसा थकत नाही. त्याचे वैर आहे ते भलत्या दिशेच्या माराशी. खाली पडताना दगडाचा कोपरा लागला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत कोणाचे पोते वर आले, शिकंजात नळी आवळली किंवा सीटचा बोल्ट अंदाजाने जोरात पिळला, तर आतले थर सुटू शकतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. मिस्त्रींच्या भाषेत, कार्बन सांगत नाही. नाण्याने टकटक करून ऐकले तर निरोगी जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. पण हे ऐकायलाही कान तयार लागतो.

इथे बहुतेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. कार्बनची फ्रेम दुरुस्त होते. खराब भाग घासून काढायचा, उतरते काठ करायचे, योग्य दिशेने नवे थर बसवायचे, भाजायचे. जाणकाराने केलेली दुरुस्ती भक्कम असते. म्हणजे तडा गेलेल्या फ्रेमच्या बाबतीत ॲल्युमिनिअमपेक्षा कार्बनला आशा अधिक. अट एकच, असा जाणकार मोठ्या शहरात सापडतो आणि त्याचे पैसेही शहराच्या हिशेबाने असतात.

मराठवाड्यातला आणखी एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात कार्बन वितळणार नाही का? नाही. फ्रेममधली राळ मऊ पडायला साधारणपणे शंभर अंशांच्या वर तापमान लागते. उन्हाची भीती फ्रेमला नाही, ती चालवणाऱ्याला आहे.

घाट आणि सपाट

आता वजनाचा हिशेब. चांगली ॲल्युमिनिअमची फ्रेम सव्वा ते दीड किलोची असते, कार्बनची साधारण एक किलोच्या आसपास. फरक अर्धा किलो धरू. चालवणारा, सायकल, पाणी, पंप सगळे मिळून ८० किलो धरले तर अर्धा किलो म्हणजे सुमारे ०.६ टक्के. खड्या चढावर वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या तासाच्या चढाला हा फरक सुमारे अकरा सेकंदांचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्याच्यासाठी अकरा सेकंद म्हणजे सगळे काही. भोकरहून नांदेडला किंवा सहस्रकुंडाकडे जाणाऱ्या हौशी माणसासाठी ते काहीच नाहीत. पाण्याची मोठी बाटली भरली की पाऊण किलो होते. ती एक बाटली या सगळ्या चर्चेपेक्षा जड आहे.

दुसरा समज असा की ॲल्युमिनिअमची सायकल हाडे खिळखिळी करते आणि कार्बनची मऊ चालते. जुन्या ताठ फ्रेमच्या आणि अरुंद टायरच्या काळात यात तथ्य होते. पण फ्रेम उभ्या दिशेने दबते ती मिलिमीटरच्या अंशाने, टायर दबतो काही मिलिमीटर. आमच्या रस्त्यांवर २३ मिलिमीटरचा कडक भरलेला टायर आणि २८ किंवा ३२ मिलिमीटरचा बेताने भरलेला टायर यांतला फरक कोणत्याही दोन फ्रेममधल्या फरकापेक्षा मोठा असतो. शिवाय आज बहुतेक चांगल्या ॲल्युमिनिअमच्या सायकलींना पुढचा चिमटा कार्बनचाच येतो. म्हणजे दोन्ही मते एकाच सायकलीत आधीच नांदत आहेत.

गाडी मागे आहे का?

महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला गेल्या काही वर्षांत जी चालना मिळाली तिच्यात नाशिक आणि नागपूरचा वाटा मोठा आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. या शर्यतीत स्वारामागे मदतीची गाडी चालते. गाडीत माणसे, हत्यारे, सुटे भाग, गरज पडली तर दुसरी सायकलही.

दुसरी परंपरा ब्रेवेची. फ्रान्समध्ये जन्मलेली ही पद्धत आता भारतात चांगली रुजली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरावीक थांब्यांच्या मधे कोणाची गाडी मागे नसते. पंक्चर झाले तर आपणच काढायचे, तार तुटली तर आपणच बघायचे. रात्री दोन वाजता कुठल्या तरी फाट्यावर एकट्याने उभे राहायचे.

माझ्या मते कार्बन की ॲल्युमिनिअम या प्रश्नाचा पोटप्रश्न हाच आहे. तुमच्या मागे गाडी आहे का? शहरात राहणाऱ्याच्या मागे एका अर्थाने गाडी असतेच. दहा किलोमीटरवर जाणकार मेकॅनिक, ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना, सुटे भाग. भोकरमध्ये राहणाऱ्याला त्यासाठी नांदेड गाठावे लागते आणि काही कामांसाठी पुणे किंवा हैदराबाद.

सोयाबीनचा हिशेब

आमच्याकडे कोणतीही किंमत शेवटी पिकात मोजली जाते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. ऐंशी हजारांची ॲल्युमिनिअमची रोडबाइक म्हणजे हमीभावाने पंधरा क्विंटल. दोन लाखांची कार्बनची म्हणजे साडेसदतीस. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर मधला फरक जवळपास तीन एकरांच्या पिकाचा, तोही खर्च वजा न करता. हमीभाव प्रत्यक्ष हातात पडतोच असे नाही, हे इथे कोणाला सांगायला नको. पगारदार माणसाला हा हिशेब लागू नाही असे कोणी म्हणेल. पण त्या पगारदाराचा भाऊ बहुधा शेतातच असतो आणि सायकल दोघांच्या एकाच अंगणात उभी राहते.

म्हणून त्या शिक्षकाला मी जे सांगितले ते असे. ॲल्युमिनिअमची फ्रेम घ्या, पुढचा चिमटा कार्बनचा असू द्या. वाचलेल्या पैशांतून चांगली चाके, रुंद टायर, उत्तम दिवे आणि बोल्ट मोजून आवळणारा पाना घ्या. फ्रेमच्या जोडांवरून दर महिन्याला ओले फडके फिरवा आणि रंगात केसासारखी रेघ दिसते का ते पाहा. रेघ दिसली तर मोह न धरता फ्रेम बाद करा. पुढे बोरघाटात सेकंद मोजण्याची वेळ आली, किंवा पडलेल्या सायकलीची तपासणी करून घेण्याची सोय जवळ झाली, तर कार्बन जरूर घ्या. तो पदार्थ वाईट नाही. त्याला सांभाळणारी माणसे लागतात आणि ती अजून आपल्या गावात नाहीत.

या शेवटच्या वाक्यातच मला खरी काळजी दिसते. लोखंडाच्या काळात कारखाना लुधियान्याला होता, पण सायकलीचे ज्ञान भोकरच्या मिस्त्रीच्या हातात होते. सायकल आली आणि तिच्याबरोबर एक धंदा आला, एका कुटुंबाची भाकरी आली. ॲल्युमिनिअम आणि कार्बनच्या सायकली आल्या त्या चालवणारे घेऊन आल्या, दुरुस्त करणारे घेऊन आल्या नाहीत. जुने मिस्त्री मोटारसायकलीकडे वळले, काही थकले, काहींची दुकाने मोबाइलच्या दुकानांत बदलली. राहिलेले मिस्त्री महागडी सायकल पाहून हात मागे घेतात. चूक झाली तर भरून कुठून देणार?

हे बदलणे फार अवघड नाही. बोल्ट मोजून आवळणे, ॲल्युमिनिअमचा जोड वाचणे, कार्बनवर नाणे वाजवून ऐकणे, डिस्क ब्रेकचे तेल बदलणे, ही काही महिन्यांत शिकण्याजोगी कामे आहेत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवतात, वेल्डर शिकवतात; त्याच छपराखाली हेही शिकवता येईल. पहाटे सायकली काढणाऱ्या मंडळींनी आपल्यातला एखादा खर्च वाचवून दोन-तीन मिस्त्रींना नीट हत्यारे घेऊन दिली, तरी सुरुवात होईल. त्यांना हात चालवता येतोच, फक्त नव्या पदार्थाची भाषा शिकायची आहे.

ते शिक्षक सर आता ॲल्युमिनिअमची सायकल चालवतात. परवा त्यांच्या मागच्या चाकाचा आऊट आला होता. त्यांनी ती नांदेडला न नेता इथल्याच मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींनी आधी नको म्हटले, मग फडके घेऊन हात पुसले आणि चाक फिरवून पाहिले. आरे तेच होते, फक्त तार बारीक होती. अर्ध्या तासात चाक सरळ झाले.